होकायंत्र घेऊन कोल्हापूर जिल्हा: अंबाबाईपासून पारगडापर्यंत

सुई उत्तर दाखवते असं आपण सगळेच शाळेत शिकलो आणि विषय तिथंच संपला. पण सुई जे दाखवते ते त्या त्या जागेचं असतं. कोल्हापुरात एक, पन्हाळ्याच्या कातळावर दुसरं, चंदगडात तिसरं, आणि ऑकलंडला तर एकदम भलतंच. हे पुस्तकात वाचून माहीत होतं, पण आपल्याच जिल्ह्यात फिरून स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं का, हे बघायचं बरेच दिवस मनात होतं. जानेवारीच्या शेवटाला सुट्टी जुळली. मी, दाजी, नववीतली भाची आणि आमचे सर. सर पॉलिटेक्निकला सर्व्हेइंग शिकवून रिटायर झालेत, त्यांच्याकडं स्वतःचा प्रिझमॅटिक कंपास (दिशा अंशांत वाचायचं सर्व्हेचं होकायंत्र) आहे आणि एका जुन्या लॅबमधून निघालेलं डिप सर्कल, म्हणजे उभ्या फिरणाऱ्या सुईचं यंत्र, त्यांनी दुरुस्त करून ठेवलंय. गाडी दाजींची.

पहिला दिवस: कोल्हापूर

३१ जानेवारी मुद्दाम धरली होती, अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवाचा दिवस. पण त्याच्या आधी दुपारचं काम होतं. सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळलीय ते काढायचं तर आधी खरी उत्तर पाहिजे ना, आणि ती सुईकडूनच मागून कशी चालंल? ती सूर्याकडून घ्यायची. सूर्यसिद्धांतात शंकूची जी रीत दिलीय तीच. सपाट जमिनीवर मधोमध एक काठी ओळंब्यानं सरळ उभी करायची, तिच्याभोवती दोरीनं एक वर्तुळ काढायचं, सकाळी सावलीचं टोक ज्या ठिकाणी वर्तुळात शिरतं तिथं खूण आणि दुपारनंतर जिथनं बाहेर पडतं तिथं खूण, दोन खुणा जोडल्या की झाली पूर्व-पश्चिम.

गच्चीवर करायचं नाही म्हणून सरांनी आधीच सांगितलेलं, स्लॅबमध्ये सळई असते. म्हणून उजळाईवाडीच्या पुढं ओळखीच्या एका रानात गेलो, ऊस नुकताच तुटून गेलेला, पाला बाजूला सारून जागा केली. गाडी लांब रस्त्यावरच लावली. साडेअकराला पहिली खूण, दोनच्या आसपास दुसरी. आपल्या घड्याळातले बारा म्हणजे कोल्हापूरची खरी दुपार नाहीच. आपलं प्रमाणवेळेचं रेखावृत्त साडेब्याऐंशी अंशांचं, कोल्हापूर सव्वाचौऱ्याहत्तरवर, म्हणजे तेहतीस मिनिटं तिथंच गेली, वर या दिवसांत सूर्य स्वतःच तेरा-चौदा मिनिटं उशिरा चालतो, त्यामुळं सूर्य माथ्यावर येतो तो जवळजवळ पावणेएकला. भाचीला हे लई आवडलं, ती म्हणाली मग मामा शाळेची मधली सुट्टी बरोबर टायमिंगला नाही.

रेघ आखली, तिला काटकोनात उत्तर-दक्षिण काढली आणि त्या रेघेवर कंपास ठेवला. सुई रेघेच्या पश्चिमेला जेमतेम सरकलेली, एक अंश किंवा त्याहूनही कमी. प्रिझमॅटिक कंपासच्या तबकडीवर अर्ध्या-अर्ध्या अंशाच्याच खुणा असतात, त्यामुळं त्याच्यापेक्षा बारीक वाचायला जाण्यात अर्थ नाही. या फरकाला दिक्पात म्हणतात. सरांच्या पिशवीत सर्व्हे ऑफ इंडियाचा ४७ एल मालिकेतला जुना टोपोशीट, म्हणजे या भागाचा बारीक तपशिलाचा नकाशा होता, त्याच्या मार्जिनमध्ये हा आकडा छापलेला असतो आणि कुठल्या सालचा ते पण असतं, कारण तो बदलत राहतो.

दिक्पात इतका कमी असणं हे आपलं नशीब म्हणायचं. शून्य दिक्पाताची रेषा सध्या भारतातनंच जाते, म्हणून आपल्याकडं कंपास हातात घेऊन चालणाऱ्याला हा फरक जाणवतच नाही. हेच केप टाऊनला गेलात तर सुई खऱ्या उत्तरेच्या पश्चिमेला पंचवीस अंशांच्या आसपास बघत असते, न्यूयॉर्कला तेरा अंश पश्चिमेला, सिएटलला पंधराएक अंश पूर्वेला. एक अंश चुकलं तर किलोमीटरभर चालल्यावर सतरा-अठरा मीटर बाजूला जाता, पंचवीस अंश चुकलं तर चारशे मीटरच्या वर! जहाजांसाठी हा जिवामरणाचा प्रश्न होता. एडमंड हॅली, धूमकेतूवाला, तो १६९८ ते १७०० मध्ये पॅरामोर नावाच्या लहान जहाजातून अटलांटिकभर फिरला तो याच्यासाठीच, ठिकठिकाणी दिक्पात मोजला आणि सारखा दिक्पात असलेल्या जागा रेषांनी जोडून नकाशा छापला. मला त्याच्या धूमकेतूपेक्षा हे काम मोठं वाटतं, खरं सांगतो.

मग डिप सर्कल काढलं. साध्या कंपासची सुई आडवीच फिरते, पण पृथ्वीचं चुंबकी क्षेत्र काही जमिनीला समांतर पसरलेलं नाही, ते तिरकं जमिनीत घुसतं. किती तिरकं ते बघायला उभी फिरणारी सुई पाहिजे. लंडनच्या रॉबर्ट नॉर्मन नावाच्या कंपास बनवणाऱ्या कारागिरानं १५८१ मध्ये याच्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, सुई अगदी समतोल करून मग चुंबकावर घासली की तिचं उत्तरेचं टोक खाली जातंच जातं, आणि परत समतोल करायला दुसऱ्या टोकाला थोडं वजन लावायला लागतं. विद्यापीठातल्या प्राध्यापकानं नाही, हातानं काम करणाऱ्या माणसानं हे पकडलं. मी फाउंड्रीत काम करतो म्हणून असेल पण मला याचं फार अप्रूप आहे.

डिप सर्कल लावायची एक खुबी आहे. आधी सगळं यंत्र गोल फिरवत जायचं, सुई एकदम सरळ उभी राहीपर्यंत. उभी राहिली म्हणजे तिची पातळी चुंबकी पूर्व-पश्चिमेत आली, क्षेत्राचा आडवा भाग आता तिला कुठल्याच बाजूला ओढू शकत नाही, फक्त खालची ओढ उरली. तिथनं बरोब्बर ९० अंश फिरवलं की सुई स्थिर होऊन जो कोन दाखवते ती नती. दोन्ही टोकं वाचायची, यंत्र उलटं फिरवून परत वाचायची, सुईची बाजू पालटून परत, आणि सगळ्याची सरासरी. भाचीनं वहीत लिहिलं आणि सरासरी साडेएकवीस अंशांच्या जवळ आली.

साडेएकवीस! म्हणजे सुई उत्तरेकडं तर बघतेच पण त्याचबरोबर जमिनीत. दाजी गप्प बसून सगळं बघत होते, ते म्हणाले, "म्हंजे ही खरी उत्तर दाखवतच न्हाय पाव्हणं, ही खाली कायतरी दाखवतीया." सर म्हणाले, बरोबर बोललात, आडव्या कंपासला आपण तिचं अर्धंच बोलणं ऐकतो.

त्याच रानातनं समोर विमानतळ दिसतो. धावपट्टीला ०७ आणि २५ असे आकडे, म्हणजे एका बाजूनं उतरताना कंपासवर साधारण ७० अंश, दुसरीकडून २५०. जगभर धावपट्ट्यांचे आकडे सहसा चुंबकी दिशेवरून असतात आणि सुईची दिशा सरकली की ते पुसून नवीन रंगवावे लागतात. अमेरिकेत टँपा विमानतळानं २०११ च्या जानेवारीत हेच केलं.

संध्याकाळी देवळात. गर्दी ही असणारच होती. मावळतीचे किरण महाद्वारातून येतात, गरुड मंडपातून पुढं सरकत गाभाऱ्यात जातात, ३१ जानेवारीला चरणांवर, १ फेब्रुवारीला मधल्या भागावर आणि २ ला मुखापर्यंत, असं परंपरेनं सांगतात. परत ९, १०, ११ नोव्हेंबरला. या दोन्ही वेळा २१ डिसेंबरपासून सारख्याच लांब आहेत, एक चाळीस-बेचाळीस दिवस आधी आणि एक तेवढेच नंतर, म्हणून दोन्ही वेळा सूर्य त्याच जागी मावळतो, खऱ्या पश्चिमेच्या जवळजवळ १८ अंश दक्षिणेला. उत्तरेपासून मोजलं तर २५२ अंश. म्हणजे धावपट्टीच्या २५ आकड्याची दिशा आणि किरणोत्सवाच्या सूर्याची दिशा जवळजवळ एकच! योगायोगच आहे, पण दुपारी एक बघून संध्याकाळी दुसरं बघितल्यावर मला गर्दीत उभ्या उभ्या रोमांच आले.

आणि देवळात उभं राहून जे खरं डोक्यात आलं ते असं, की ज्यांनी ही दिशा साधली त्यांनी ती सूर्याकडून घेतली म्हणून ती शेकडो वर्षं टिकली. सुईवरून घेतली असती तर टिकलीच नसती. लंडनला १५८० च्या सुमारास सुई खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला ११ अंश होती, १८०० नंतरच्या काळात पश्चिमेला २४ अंशांपर्यंत गेली, आणि परत फिरत फिरत २०१९ मध्ये ग्रिनिचला तिनं साधारण ३६० वर्षांनी परत खरी उत्तर दाखवली. जागेनुसार दिशा बदलते हे एक, आणि त्याच जागेची दिशा काळानुसार सरकते हे दुसरं.

रात्री गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन घरी.

दुसरा दिवस: पन्हाळा

सकाळी मिसळ खाऊन निघालो, केर्लीमार्गे वाघबीळचा घाट चढून दहापर्यंत गडावर. पन्हाळा काय मी नव्यानं सांगायला नको, अंधारबाव, अंबरखाना, सज्जाकोठी, तीन दरवाजा हे सगळं कोल्हापूरच्या प्रत्येक पोरानं सहलीत बघितलेलं असतं. पण आज आम्ही दगडासाठी आलो होतो. वर जांभा, खाली काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट. दख्खनच्या लाव्हाच्या थरांना भूशास्त्रवाल्यांनी जी नावं दिलीत त्यात वरच्या एका थराचं नावच पन्हाळा फॉर्मेशन आहे, हे किती पन्हाळकरांना माहीत असेल कोण जाणे, गडाच्या पाटीवर लिहायला पाहिजे खरं तर.

सरांनी भाचीला सर्व्हेची जुनी परीक्षा करायला लावली. एका जागेवरून दुसऱ्या जागेची दिशा वाचायची, मग त्या दुसऱ्या जागेवर जाऊन पहिलीची वाचायची. दोन्ही आकड्यांत बरोबर १८० चा फरक पाहिजे, नसला तर दोनपैकी एका जागेला सुईला कुणीतरी ओढतंय. सर्व्हेच्या भाषेत स्थानिक आकर्षण. तटाजवळच्या मोकळ्या जागेवर सगळं ठीक आलं. मग एका उघड्या काळ्या कातळावर कंपास ठेवला तर एकीकडून ६२ आणि उलट दिशेनं २४६ आले, यायला पाहिजे होते २४२. चार अंश कुठनं आले? आजूबाजूला रेलिंग नाही, गाडी नाही, खिशातल्या किल्ल्या, मोबाईल, सरांचा चष्मासुद्धा लांब ठेवलेला. तिसरी जागा धरून तपासलं तेव्हा कातळावरचीच सुई ढळलीय हे पक्कं झालं. दोन पावलं सरकलो की आकडा बदलायचा. उभं राहून छातीच्या उंचीला धरला तर फरक कमी, कातळावर टेकवला की जास्त.

बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाईट असतं, लोखंडाचं खनिज, ते स्वतःच चुंबक होऊन बसतं. आणि डोंगरमाथ्यावरच्या कातळावर वीज पडते. वळवाच्या पावसात पन्हाळ्यावर विजा कशा कडाडतात ते ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको, एकेका विजेतून हजारो अँपिअर करंट कातळातून जातो आणि तेवढा भाग जोरात चुंबकित होतो, मग तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. आमच्या कातळावर वीजच पडली होती का हे नुसत्या कंपासवरून ठरवता येणार नाही, पण डोंगरमाथ्यावर असे एकदम बदलणारे आकडे मिळायचं ते एक नेहमीचं कारण आहे. धुक्यात ट्रेक करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवाच, कंपास दगडावर टेकवून वाचू नका, उभं राहून, आणि दोन-तीन जागी वाचा. पन्हाळा-पावनखिंडला जुलैमध्ये जाणाऱ्या पोरांना मी आता हे हमखास सांगतो.

दगड चुंबक कसा होतो हे समजायला मला पुस्तक लागलं नाही. आमच्याकडं भट्टीत चार्ज टाकायला स्क्रॅप मॅग्नेटनं उचलतात, गार स्क्रॅप टनानं चिकटतं, पण लालभडक तापलेल्या लोखंडाला मॅग्नेट लावा, काही होत नाही. लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंश सेल्सिअसच्या वर नाहीसं होतं. मॅग्नेटाईटचं ५८० च्या वर. लाव्हा बाहेर आला तेव्हा त्याच्या पुष्कळ वर होता, मग गार होत होत ५८० च्या खाली आला आणि त्या घडीला, त्या जागी, पृथ्वीच्या क्षेत्राची जी दिशा होती ती त्या दगडात कायमची बसली. म्हणजे सह्याद्रीचा एकेक कातळ हा गार झाल्या दिवशीचा कंपास आहे, आणि त्याला कुणी हलवलेलं नाही.

आता तो कंपास काय दाखवतो ते ऐका. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये दख्खनच्या लाव्हाच्या नमुन्यांवरून मोजमापं छापली. यातल्या मोठ्या भागात बसलेली दिशा आजच्या दिशेच्या जवळपासची नाहीच. ती दक्षिणेकडं, थोडी आग्नेयेला झुकलेली, आणि जमिनीत चांगली पंचेचाळीस अंशांच्या वर घुसणारी. याचे दोन अर्थ. एक, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी हे थर पडत होते तेव्हा बराच काळ पृथ्वीचं क्षेत्र उलटं होतं, उत्तरेच्या जागी दक्षिण. दुसरा अर्थ मला जास्त हलवून गेला. नती जागेवर अवलंबून असते, विषुववृत्ताजवळ कमी, ध्रुवाजवळ नव्वद, त्यामुळं नती वाचली की दगड कुठल्या अक्षांशावर गार झाला ते कळतं. हिशोब येतो विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तीस अंशांच्या आसपास. म्हणजे आपण ज्या कातळावर डबा उघडून बसलो होतो तो दख्खनचा सगळा कातळ तिकडं खाली जन्मला आणि जमिनीसकट इथवर चालत आला!! कुणी माणूस साक्षीला नव्हता, पण मॅग्नेटाईटच्या कणांनी पत्ता लिहून ठेवलाय. भूखंड सरकतात हे जगाला पटायच्या काळात जे पुरावे पुढं आले त्यात आपला काळा दगड होता, हे आपल्या पोरांना शाळेत का सांगत नाहीत मला खरंच कळत नाही.

जेवायला झुणका-भाकरी, ठेचा, दही.

मुक्काम गडावरच केला, ध्रुवतारा बघायचा होता म्हणून. फेब्रुवारीच्या सुरुवातीला संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला ध्रुव अगदी खऱ्या उत्तरेच्या वरच्या अंगाला येतो, त्यामुळं दिशा तपासायला ती वेळ चांगली. क्षितिजापासून त्याची उंची सतराच्या आसपास, कारण पन्हाळ्याचा अक्षांश १६.८. भाचीनं दोन आकडे शेजारी लिहिले, ध्रुव सतरा अंश वर, सुई साडेएकवीस अंश खाली, आणि विचारलं, यांचा काही संबंध आहे का? सरांनी तिला सूत्र दिलं, पृथ्वीत एक सरळ लोहचुंबक आहे असं धरलं तर नतीचं टॅन हे चुंबकी अक्षांशाच्या टॅनच्या दुप्पट. तिनं कॅल्क्युलेटरवर केलं, अकरा अंश आले. म्हणजे चुंबकी विषुववृत्त आपल्यापासून अकरा अंश दक्षिणेला पाहिजे, अक्षांश सहाच्या आसपास, पार समुद्रात. पण प्रत्यक्षात नती शून्य होते ती रेषा आपल्या रेखांशावर कन्याकुमारीच्या जवळपास आहे, आठच्या आसपास. सूत्र आणि जग जुळत नाही! सर म्हणाले जुळणार नाहीच, कारण आत लोहचुंबक नाहीच आहे. २९०० किलोमीटर खाली वितळलेल्या लोखंडाचा समुद्र आहे, तो घुसळतो, त्या घुसळण्यातनं करंट आणि करंटमधनं क्षेत्र, त्यामुळं ते सगळीकडं सारखं असूच शकत नाही. या न जुळण्यातच सगळा विषय आहे असं मला वाटतं. ते क्षेत्र एका चुंबकाचं असतं तर एकदा मोजून भागलं असतं, कोल्हापूरचं उत्तर कोल्हापुरातच मोजावं लागतं.

तिसरा दिवस: मसाई पठार

सकाळी लवकर मसाई. पावसाळ्यात फुलांसाठी जी गर्दी असते ती आत्ता नाही, सगळं पठार वाळून पिवळं. जांभ्याच्या त्या सपाट माळावर आम्ही एकमेकांपासून लांब लांब पाच-सहा ठिकाणी नती घेतली. आकडे एकवीस ते बावीसच्या मधेच. देवीचं दर्शन घेतलं, पांडवदरीची लेणी बघून आलो.

इथं माळावर रेंज आली आणि माझ्या चुलतभावाचा ऑकलंडहून व्हॉट्सॅप फोटो. तो जाताना इथनं एक साधा कंपास घेऊन गेलेला, त्याला काल सांगितलं होतं फोटो पाठव म्हणून. सुई इतकी तिरकी की तबकडीच्या काचेला टेकलेली, फिरतच नाही. कंपास बनवणारे नतीचा हिशोब धरून सुईच्या एका बाजूला थोडं वजन देतात, म्हणजे ती आडवी राहते. आपल्याकडं उत्तर टोक खाली जातं म्हणून दक्षिणेच्या बाजूला वजन. तोच कंपास न्यूझीलंडला नेला की तिथं दक्षिण टोक साठ अंशांच्या वर खाली खेचलं जातं, शिवाय वजनही त्याच बाजूला. म्हणून चांगल्या कंपन्या वेगवेगळ्या झोनचे कंपास विकतात. परदेशात ट्रेकला जाणाऱ्यांनी कंपास तिथं उतरून घ्यावा. आणि दिक्पात तिथं वीसएक अंश पूर्वेला, तोसुद्धा आहेच.

दाजींचा सवाल, मग मोबाईल कसा चालतो दोन्हीकडं? मोबाईलमध्ये सुई नसते, तिन्ही दिशांनी क्षेत्र मोजणारा सेन्सर असतो, आणि जीपीएसवरून जागा कळली की वर्ल्ड मॅग्नेटिक मॉडेल नावाच्या गणितावरून त्या जागेचा दिक्पात काढून तो दुरुस्त करता येतो. अमेरिका आणि ब्रिटन मिळून हे मॉडेल दर पाच वर्षांनी नवीन काढतात. पण उत्तरेचा चुंबकी ध्रुव कॅनडाकडून सैबेरियाकडं इतका जोरात पळायला लागला, वर्षाला पन्नास किलोमीटरच्या वर, की २०१९ मध्ये त्यांना मुदतीच्या आधीच दुरुस्ती काढावी लागली. जेम्स क्लार्क रॉस १ जून १८३१ ला त्या ध्रुवावर पोचला तेव्हा तो कॅनडाच्या बूथिया द्वीपकल्पावर होता.

सेन्सरचं अॅप उघडलं तर मसाईवर क्षेत्राचा जोर बेचाळीस मायक्रोटेस्लाच्या (तो मोजायचं एकक) आसपास. ध्रुवांकडं साठच्या वर जातं, आणि दक्षिण अटलांटिक-ब्राझीलच्या पट्ट्यात बावीसपर्यंत उतरतं. मोबाईलचं कव्हर चुंबकी क्लिपवालं असेल तर आकडा वाट्टेल ते दाखवतो, कव्हर काढूनच बघा.

उतरताना विद्यापीठावरून आलो. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र आहे, तिथल्या रडारनं ऐंशी-शंभर किलोमीटर उंचीवरचे वारे मोजतात. आम्ही बाहेरूनच बघितलं. कोल्हापूरला कुस्ती आणि रस्सा एवढंच आहे म्हणणाऱ्यांना मी आता हे पण सांगतो.

चौथा दिवस: पारगड

आजचा दिवस लांबचा. कागल, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, नेसरी, चंदगड आणि पुढं पारगड. नेसरीला प्रतापराव गुजरांच्या स्मारकाला थांबलो. चंदगडापुढं काजूच्या बागा आणि जंगल सुरू झालं की जिल्हा बदलल्यासारखा वाटतो.

पारगड निवडायचं कारण अक्षांश. पन्हाळा १६.८, पारगड १५.८ च्या जवळ. एका अंशाचा फरक, सरळ दक्षिणेला शंभर-एकशेदहा किलोमीटर, एकाच जिल्ह्यात. अक्षांश एक अंश बदलला की आपल्या भागात नती दोन अंशांहून थोडी जास्त बदलते, म्हणजे आमच्या यंत्राला पकडता येईल एवढा फरक पाहिजे. प्रश्न फक्त कातळाचा होता, पन्हाळ्यावर दोन पावलांत चार अंश फिरलेलं बघितलं होतं ना.

गडावर आजही वस्ती आहे. देवळापासून लांब मोकळ्या जागी यंत्र मांडलं. गावातली चार-पाच पोरं आणि एक आजोबा जमले, आजोबांनी विचारलं, "काय पाणी बघतायसा व्हय?" भाचीनं त्यांना सगळं समजावलं, अगदी नीट, मला त्या पोरीचं फार कौतुक वाटलं. मग तेच आजोबा पुढं होऊन म्हणाले त्या अंगाला जावा, तिथं दगुड कमी हाय. गेलो, आणि तिथले आकडे एकमेकांना छान जुळले.

सगळ्या जागांची सरासरी साडेएकोणीस. कोल्हापुरात साडेएकवीस, मसाईवर त्याच्या थोडी वर, इथं साडेएकोणीस. दोन अंश! एका जिल्ह्यात, एका दिवसाच्या गाडीच्या प्रवासात सुई दोन अंशांनी उठली. सरांनी तीन वेळा यंत्र उलटसुलट करून घेतलं, आकडा तिथंच. मी इतका खुश झालो की दाजींना मिठीच मारली.

भाचीनं आलेखाच्या कागदावर आडव्या बाजूला अक्षांश आणि उभ्या बाजूला नती घेऊन आमचे ठिपके मांडले, वर अलिबागच्या चुंबकी वेधशाळेचा पंचवीस-सव्वीस अंशांचा आकडा सरांनी सांगितला तो पण टाकला आणि पट्टीनं रेघ ओढली. खाली ती सात अंशांच्या आसपास शून्याला टेकते. म्हणजे कन्याकुमारीपासून फार लांब नाही. तिथं सुई आडवी, जमिनीत नाही आणि आकाशातही नाही. केरळात थुंब्याला रॉकेट केंद्र उभं राहिलं आणि २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं रॉकेट उडालं ते याच कारणानं, चुंबकी विषुववृत्त तिथनं जात होतं आणि त्या रेषेच्या वर शंभरेक किलोमीटर उंचीवर दिवसा विजेचा एक प्रवाह वाहतो, त्याचा अभ्यास तिथंच करता येतो. त्याच्याही शंभर वर्षं आधी त्रावणकोरच्या महाराजांच्या वेधशाळेत जॉन अॅलन ब्राऊन हा माणूस तिरुअनंतपुरमला सुया वाचत बसायचा, उंचीमुळं फरक पडतो का बघायला त्यानं अगस्त्यमलईच्या शिखरावर जंगलात एक वेधशाळा बांधली होती. मला त्या जागी एकदा जायचंय.

आणि अलिबागला. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून चुंबकी मोजमापं चालायची, शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरल्यावर नानाभाई मूस यांनी वेधशाळा अलिबागला हलवली, १९०४ मध्ये तिथं नोंदी सुरू झाल्या आणि दोन वर्षं दोन्हीकडं एकदम मोजत राहिले म्हणजे जुनी आणि नवी नोंद जोडता यावी. इमारत पोरबंदरच्या दगडाची, कारण आपला काळा दगड चालणार नव्हता, तो स्वतःच चुंबक. पन्हाळ्यावर जे आम्ही दोन पावलांत बघितलं तेच मूससाहेबांना माहीत होतं.

येताना गडहिंग्लजला जेवलो, रात्री अकराला घरी.

कुणाला करून बघायचं असेल तर: डिप सर्कल बऱ्याच कॉलेजांच्या फिजिक्स लॅबमध्ये कपाटात पडून असतं, मागितलं तर देतात. लांब, मोकळ्या, मातीच्या रानात मांडा, विजेच्या तारा आणि विहिरीच्या मोटारीपासून दूर. एका जागेवर विसंबू नका, शंभर पावलं सोडून निदान तीन ठिकाणी घ्या. आकड्याबरोबर अक्षांश-रेखांश आणि तारीख लिहाच लिहा, नाहीतर त्या आकड्याला काही किंमत नाही. जळगाव, नागपूर, सोलापूर, रत्नागिरी कुठलाही आकडा असेल तर मला कळवा, भाचीच्या आलेखावर वरच्या बाजूला अलिबाग सोडून सगळं रिकामं आहे.